कापडाच्या गल्लीत बांबू : हनोईच्या जुन्या पेठेचा इतिहास

व्हिएतनामची राजधानी हनोई. या शहराच्या जुन्या भागात ‘हांग वाइ’ नावाचा एक रस्ता आहे. ‘हांग’ म्हणजे माल आणि ‘वाइ’ म्हणजे कापड. अर्थात ही कापडाची गल्ली. पण या गल्लीत कापड शोधू लागलात तर भिंतींना टेकून उभे केलेले लांबच लांब बांबू आणि बांबूच्या शिड्या दिसतील. जवळच ‘हांग क्वात’, म्हणजे पंख्यांची गल्ली आहे. तेथे पंखे नाहीत. देव्हारे, भरजरी पताका आणि पूजेचे साहित्य आहे. ‘हांग झाउ’ ही तेलाची गल्ली, आणि तेथे मिळतात बूट-चपला! ‘हांग गाई’ म्हणजे दोर वळायच्या वाखाची गल्ली. तिथली दुकाने रेशमासाठी प्रसिद्ध आहेत.

मग ही नावे खोटी म्हणायची का? तसेही नाही. ‘हांग थिएक’ या कथलाच्या गल्लीत आजही पत्र्यावर हातोडे पडत असतात. ‘हांग मा’ या गल्लीत पूर्वजांसाठी जाळण्याच्या कागदी वस्तू आणि सणाचे आकाशकंदील पूर्वीसारखेच विकले जातात.

काही नावे खरी, काही जुनी झालेली. वर्गात एखाद्या चुणचुणीत मुलीने विचारले, “बाई, नाव आणि वस्तू जुळत नसेल तर अशा नावाचा इतिहासाला उपयोग काय?” तर काय उत्तर द्याल? या लेखात आपण ते उत्तर शोधू. त्यासाठी हनोईच्या या रस्त्यांवरून नकाशा हातात घेऊन हिंडावे लागेल.

नदी, किल्ला आणि बाजार

इ.स. १०१० मध्ये ली घराण्याचा पहिला राजा ली थाय तो याने आपली राजधानी डोंगरांच्या कुशीतल्या होआ लू येथून लाल नदीच्या काठी सपाट प्रदेशात आणली. नव्या राजधानीचे नाव त्याने ‘थांग लाँग’, म्हणजे ‘वर झेपावणारा ड्रॅगन’ असे ठेवले. ‘हनोई’ हे नाव बरेच नंतरचे, १८३१ सालचे. त्याचा अर्थ ‘नदीच्या आत’. नदीच्या वळणाच्या आत वसलेले गाव म्हणून हे नाव.

राजधानीचे दोन भाग होते. पश्चिमेला तटबंदीच्या आत राजवाडा आणि दरबार. पूर्वेला, किल्ला आणि नदी यांच्यामधल्या जागेत, कारागीर आणि व्यापारी. राजदरबाराला रेशीम, कागद, दागिने, औषधे लागत. नदीतून भात, मीठ, लाकूड येई. या दोन गरजांच्या मधोमध बाजार उभा राहिला. सामान्य लोक राजधानीला तिच्या भारदस्त नावाने हाक मारत नसत. ते तिला ‘के चो’ म्हणत, म्हणजे बाजारातल्या लोकांचे गाव. सतराव्या शतकात येथे आलेल्या युरोपी व्यापाऱ्यांनी शहराचे नाव ‘काचाओ’ असे लिहिले, ते याच शब्दावरून. राजाने दिलेले नाव एक, लोकांनी दिलेले दुसरे. परदेशी माणसाच्या कानावर पडले ते लोकांचे.

आता या बाजाराच्या नकाशाकडे पाहा. पूर्वेच्या बाजूला, नदीच्या बांधालगत, कोणते रस्ते आहेत? ‘हांग मुओई’ म्हणजे मीठ. ‘हांग माम’ म्हणजे मुरवलेली मासळी. ‘हांग चे’ म्हणजे बांबू. ‘हांग बे’ म्हणजे तराफे. ‘हांग वोई’ म्हणजे चुना. सगळा माल जड, स्वस्त किंवा वासाचा आणि बहुतेक पाण्यावरून येणारा. असा माल खांद्यावर कावड घेऊन दूर नेणे परवडत नाही. तो उतरतो तेथेच विकावा लागतो. नदीकडून किल्ल्याच्या दिशेने आत चला. आता चांदी, रंगवलेले रेशीम, वाख, कापूस यांची नावे लागतात. वजनाने हलका आणि किमतीने भारी माल गिऱ्हाइकाच्या जवळ गेला आहे. भूगोलाच्या शिक्षकांना येथे वाहतूक खर्चाचा पाठ आयता मिळतो. दुकानांत आज काहीही विकले जात असो, नावांची मांडणी मात्र जुनी नदी दाखवते.

काही नावे तर नाहीशा झालेल्या पाण्याची खूण आहेत. ‘काउ गो’ म्हणजे लाकडी पूल. या रस्त्यावर आज पूल नाही आणि खाली ओढाही नाही. पूर्वी येथे दोन तळ्यांना जोडणारा प्रवाह होता. ‘चो गाओ’ म्हणजे तांदळाचा बाजार. तो तो लिक नावाच्या छोट्या नदीच्या मुखाशी भरे. ही नदी येथे लाल नदीला मिळत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा हा भाग बुजवण्यात आला. जवळच ‘हांग बुओम’, म्हणजे शिडांची गल्ली आहे. लव्हाळ्यासारख्या गवताच्या चटया विणून त्यांची शिडे करत. आज या गल्लीत उभे राहिले तर येथे शिडांचे काय काम, असा प्रश्न पडेल. पण नकाशावर बुजलेली नदी पुन्हा रेखाटली की प्रश्न सुटतो.

एक गाव, एक रस्ता

नावावरून कोणता माल विकला जाई ते कळते. पण विकणारे कोण होते?

याविषयी एक चांगला साक्षीदार आहे. सॅम्युअल बॅरन हा डच वडील आणि स्थानिक आई यांच्या पोटी याच देशात जन्मलेला माणूस. १६८० च्या दशकात त्याने या राज्याचे वर्णन लिहिले. तो सांगतो की या शहरात प्रत्येक मालाला एक ठरलेला रस्ता आहे. इतकेच नव्हे, तर प्रत्येक रस्ता एका, दोन किंवा अधिक खेड्यांना नेमून दिलेला आहे आणि त्या खेड्यांतल्या लोकांनाच तेथे दुकान मांडता येते.

बॅरनचे हे वाक्य म्हणजे हनोईची किल्लीच आहे. रस्ता मालाचा होता, पण त्याआधी तो एका खेड्याचा होता. चांदीच्या गल्लीचे उदाहरण घेऊ. तिचे नाव ‘हांग बाक’. परंपरा असे सांगते की पंधराव्या शतकात दरबारातील लू सुआन तिन या अधिकाऱ्यावर चांदीच्या लगडी ओतण्याचे काम सोपवण्यात आले. त्याने आपल्या चाउ खे या गावच्या लोकांना राजधानीत आणले. पुढे दिन्ह काँग आणि दोंग साम या गावांचे कारागीर आले. एक गाव ओतकामात, दुसरे दागिने घडवण्यात आणि तिसरे नक्षीकामात वाकबगार होते. तांब्याच्या गल्लीतले तांबट काउ नोम या गावचे. ‘तो तिक’ या छोट्या गल्लीतले लाकडाचे कातारी न्ही खे गावचे. ‘हांग दाओ’ या रेशमाच्या गल्लीतले रंगारी दान लोआन गावचे.

शहरात आले म्हणून या लोकांचे गाव सुटले नाही. सणासुदीला ते गावी जात, लग्ने गावात जुळत आणि कामाला नवा पोरगा गावातूनच आणला जाई. हुन्नर गावाबाहेर जाऊ नये अशी काळजी घेतली जाई. शहरातल्या आपल्या रस्त्यावर ते एक ‘दिन्ह’ बांधत. व्हिएतनामी खेड्यात दिन्ह म्हणजे ग्रामदेवतेचे ठाणे आणि गावाची चावडी, दोन्ही एकत्र. शहरातल्या दिन्हमध्ये आपल्या धंद्याच्या मूळपुरुषाची पूजा होई आणि धंद्याचे तंटेही तेथेच मिटत. हांग बाकवरचा किम नगान हा सोनार-सराफांचा दिन्ह दुरुस्त होऊन आजही उभा आहे.

म्हणून या पेठेकडे शहर म्हणून पाहण्यापेक्षा शेजारी शेजारी येऊन बसलेली खेडी म्हणून पाहिले तर ती लवकर समजते. हांग न्गांगसारख्या रस्त्यांना दोन्ही टोकांना दरवाजे होते आणि ते रात्री बंद होत. शहराच्या वेशींपैकी फक्त ‘ओ क्वान चुओंग’ ही एक वेस उरली आहे. ती १७४९ मध्ये बांधली गेली आणि १८१७ मध्ये पुन्हा उभारली गेली. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे एक शिलालेख बसवण्यात आला. पहारेकऱ्यांनी ये-जा करणाऱ्या लोकांना त्रास देऊन पैसे उकळू नयेत, असे त्यात बजावले आहे. पैसे उकळले जात होते, म्हणूनच बजावावे लागले. इतिहासात मनाई-हुकूम असे उलटे वाचायचे असतात, हेही मुलांना येथे सांगता येईल.

छत्तीस हा आकडा कोठून आला?

हनोईला ‘छत्तीस रस्त्यांचे शहर’ म्हणतात. प्रवासी छत्तीस रस्ते मोजू लागतात आणि गोंधळतात, कारण जुन्या पेठेत आज सत्तरहून अधिक रस्ते आहेत. मग छत्तीस कुठले?

गोंधळाचे मूळ ‘फुओंग’ या शब्दात आहे. या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, शहराचा प्रशासकीय विभाग. दुसरा, एका धंद्याच्या लोकांची संघटना, म्हणजे आपल्याकडच्या प्राचीन श्रेणीसारखे काहीतरी. पंधराव्या शतकात, ले घराण्याच्या काळात, राजधानीचे दोन तालुके होते आणि प्रत्येकात अठरा फुओंग. अठरा दुणे छत्तीस. हे विभाग होते, रस्ते नव्हते. सगळे विभाग आजच्या जुन्या पेठेतही नव्हते. न्गुयेन त्राय या विद्वान मुत्सद्द्याने १४३५ मध्ये देशाचा भूगोल लिहिला. त्यात हांग दाओमध्ये तांबडा रंग चढवला जातो, येन थाय येथे कागद होतो, हा तान येथे चुना भाजला जातो, अशा नोंदी आहेत. यांपैकी येन थाय हे पश्चिमेच्या मोठ्या तळ्याकाठी, बाजारापासून बरेच दूर आहे. कागदाला भरपूर पाणी लागते, म्हणून कागदवाले तळ्याजवळ राहिले.

पुढे विभाग बदलले, आकडा मात्र लोकांच्या तोंडी राहिला. फुओंगचा ‘विभाग’ हा अर्थ मागे पडून ‘धंदा’ हा अर्थ पुढे आला, आणि ‘छत्तीस विभाग’ यांचे ‘छत्तीस धंद्यांचे छत्तीस रस्ते’ होऊन बसले. पाठ्यपुस्तकात एखादा गोल, सुबक आकडा दिसला की थांबावे. कोणी, काय आणि केव्हा मोजले होते, हे विचारावे.

नळीसारखे घर

एका गावच्या सगळ्या दुकानदारांना एकाच रस्त्यावर तोंड हवे. रस्त्याची लांबी ठरलेली. मग काय होईल? प्रत्येकाच्या वाट्याला रस्त्याची अगदी थोडी रुंदी येईल आणि घर मागे मागे वाढत जाईल. हनोईत नेमके असेच झाले. येथल्या घरांना ‘नळी-घर’ म्हणतात. रुंदी दोन ते चार मीटर आणि लांबी वीस मीटरपासून साठ मीटर किंवा त्याहूनही अधिक! दुकानाच्या तोंडाच्या रुंदीवर कर असे म्हणून घरे अरुंद झाली, असेही सांगितले जाते. वारसांमधल्या वाटण्यांनीही घरे आणखी चिरत गेली.

तीन मीटर रुंद आणि साठ मीटर लांब घराचा विचार करा. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, म्हणजे खिडकीला जागा नाही. उजेड फक्त पुढून आणि मागून. मधल्या पन्नास मीटरमध्ये अंधार आणि कोंदट हवा. हनोईचा उन्हाळा दमट असतो, हेही लक्षात घ्या. या अडचणीवर कारागिरांनी काढलेला उपाय आपल्याला वाड्यामुळे ओळखीचा आहे. तो म्हणजे चौक. घराच्या लांबीत एक-दोन ठिकाणी छप्पर न घालता उघडे चौक सोडायचे. वरून उजेड येतो. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते, तिच्या जागी दारातली आणि खोल्यांतली हवा ओढली जाते आणि घर श्वास घेऊ लागते. पावसाचे पाणीही तेथेच साठवता येते. मा मय रस्त्यावरचे ८७ क्रमांकाचे घर असेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे हे घर १९९९ मध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहराच्या सहकार्याने दुरुस्त झाले आणि लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. पुढे दुकान, मग चौक, मग राहत्या खोल्या, पुन्हा चौक, शेवटी स्वयंपाकघर, अशी त्याची रचना आहे.

मात्र ही विटांची घरे फार जुनी नाहीत. विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी १६८८ मध्ये येथे आला. त्याने सुमारे वीस हजार घरांचा अंदाज दिला आहे आणि बहुतेक घरे मातीच्या भिंतींची व गवताने शाकारलेली होती असे लिहिले आहे. अशा दाटीत आग लागली तर? डॅम्पियरने पाहिले की अंगणात साधारण सहा फूट उंचीची, भट्टीसारखी दिसणारी विटांची कमानदार खोपटी बांधलेली असे. तिच्यावर मातीचा जाड थर असे. आग लागली की घरातला किमती माल चटकन तिच्यात ढकलायचा. घर जळाले तरी धंदा वाचावा, असा हा हिशेब. माती उष्णतेची मंदवाहक असते, हे पुस्तकात न वाचताही त्यांना ठाऊक होते.

माल कसा बदलतो?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. गल्लीतला माल बदलला तो उगाच, वाटेल तसा बदलला का? काही उदाहरणे तपासून पाहू.

‘हांग होम’ म्हणजे पेट्यांची गल्ली. येथे लाखेचा रोगण दिलेल्या लाकडी पेट्या होत. आज येथे रंग आणि व्हार्निश मिळते. पेटी गेली, पेटीवरचा लेप राहिला. हांग थिएकमध्ये पूर्वी कथलाचे दिवे आणि पूजेची उपकरणी होत. नंतर पत्रा आला आणि त्याच हातांनी पत्र्याची भांडी व पेट्या केल्या. नाव तेच, हातोडा तोच, धातू मात्र वेगळा. म्हणजे ज्या गल्लीला आपण ‘न बदललेली’ म्हणालो, तीही बदललेली आहे! हांग गाईची वाट अधिक लांबची. वाख आणि दोरांच्या या गल्लीत एकोणिसाव्या शतकात लाकडी ठशांवर पुस्तके छापणारे आणि विकणारे आले. पुढे रेशीमवाले आले.

काही बदल हुन्नराच्या ओढीने होतात, काही शेजाराने, काही गिऱ्हाइकाच्या मागणीने, तर काही सरळ सत्तेच्या बदलाने. रस्त्याचे नाव हे या साखळीचे एक टोक असते. दुसरे टोक आज दुकानात दिसते. मधल्या कड्या शोधणे म्हणजे इतिहासाचा अभ्यास.

नावेही स्थिर नव्हती. फ्रेंचांनी १८७३ आणि १८८२ मध्ये हनोईवर हल्ले केले आणि १८८८ मध्ये शहर आपल्या थेट ताब्यात घेतले. त्यांनी अनेक गल्ल्यांची नावे सरळ भाषांतरित केली. रेशमाची गल्ली, शिडांची गल्ली, साखरेची गल्ली. पण हांग बाकचे भाषांतर करताना ते ‘चांदीची गल्ली’ असे न म्हणता ‘नाणी मोडून देणाऱ्या सराफांची गल्ली’ असे म्हणाले. भाषांतर चुकले का? नाही. त्यांनी डोळ्यांसमोर चालणारा व्यवहार लिहिला. लगडी ओतण्याचे काम तोवर सरले होते आणि चांदीच्या गल्लीत पैशांची देवघेव जोरात होती. एका चुकार भाषांतराने आपल्याला एक मधली कडी मिळवून दिली. १९४५ च्या उन्हाळ्यात त्रान वान लाय हे अल्पकाळ हनोईचे महापौर झाले. त्यांनी फ्रेंच नावे काढून व्हिएतनामी नावे दिली.

पेठेत केवळ व्हिएतनामी खेड्यांतले लोक होते असेही नाही. हांग न्गांग हा रस्ता कँटनच्या चिनी व्यापाऱ्यांचा होता. जवळच फुजियान प्रांतातून आलेल्या चिनी लोकांचा औषधांचा रस्ता होता. आज त्याला लान ओंग या अठराव्या शतकातल्या व्हिएतनामी वैद्याचे नाव आहे. मात्र वाळवलेल्या मुळ्या आणि सालींचा वास अजून येतो. आपल्यालाही येथे एक धागा सापडतो. ‘हांग लुओक’, म्हणजे फण्यांच्या गल्लीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांनी बांधलेली मशीद आहे. त्या काळी भारतीय कापडवाल्यांची दुकाने या पेठेत होती. फण्यांच्या गल्लीच्या नावात या लोकांचा पत्ता नाही. नाव सगळ्यांची नोंद ठेवत नाही, हेही विसरता कामा नये.

भिंतींना पडलेली भोके

हांग न्गांगवरचे ४८ क्रमांकाचे घर त्रिन्ह वान बो या श्रीमंत कापड-व्यापाऱ्याचे होते. १९४५ च्या ऑगस्टअखेर हो चि मिन्ह या घरात राहिले आणि तेथे त्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला. २ सप्टेंबरला तो वाचला गेला. पण फ्रेंच परत आले. १९ डिसेंबर १९४६ च्या रात्री हनोईत लढाई पेटली.

या लढाईत जुनी पेठ जवळजवळ साठ दिवस झुंजली. लोकांनी पलंग, कपाटे, फळ्या रस्त्यात टाकून अडसर उभे केले. उघड्या रस्त्यावरून चालणे म्हणजे मरण. तेव्हा घरांच्या सामाईक भिंतींना भोके पाडण्यात आली. एका दुकानातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असे रस्त्यावर पाऊलही न ठेवता गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येऊ लागले. ज्या अरुंद, एकमेकांना चिकटलेल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आपापले गिऱ्हाईक आणि आपापले हुन्नर जपले गेले, त्या घरांच्या भिंती घरमालकांनी स्वतःच्या हातांनी फोडल्या. १४ फेब्रुवारी १९४७ रोजी दोंग सुआन बाजारात हातघाईची लढाई झाली आणि १७ फेब्रुवारीच्या रात्री उरलेले सैनिक लाँग बिएन पुलाखालून नदीपार निसटले. ही घटना कोणत्याही रस्त्याच्या मालवाचक नावात नाही. पण नळी-घराची रचना माहीत नसेल तर ती समजतही नाही.

जतन कशाचे करायचे?

१९५४ नंतर नव्या राजवटीत खासगी व्यापार आखडत गेला. कारागीर सहकारी संस्थांत गेले, कित्येक दुकानांच्या फळ्या बंद झाल्या. एका कुटुंबाच्या घरात चार-पाच कुटुंबे राहू लागली. उजेडासाठी सोडलेल्या चौकांत खोल्या आणि मोऱ्या बांधल्या गेल्या. १९८६ मध्ये ‘दोई मोई’, म्हणजे नूतनीकरण, या नावाने आर्थिक धोरण बदलले आणि काही वर्षांत पेठ पुन्हा दुकानांनी भरली. १९९५ मध्ये जुन्या पेठेची हद्द ठरवून तिला संरक्षण देण्यात आले आणि २००४ मध्ये तिला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला.

यातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. घरे वाचवायची तर गर्दी कमी केली पाहिजे. म्हणून काही कुटुंबांना लाल नदीपलीकडच्या नव्या वसाहतीत हलवण्याची योजना शहराने आखली. चौकात बांधलेल्या खोलीत, उजेडाशिवाय आणि सामाईक संडासावर दिवस काढणाऱ्याला नवे घर हवेच असते. पण ज्याचे पोट दारातल्या दोन मीटरच्या दुकानावर आहे, त्याला नदीपलीकडचा तिसरा मजला काय कामाचा? दोघेही एकाच छपराखाली राहतात. माणसे गेली तर देखणी कौले आणि कोरीव दारे उरतील, पण बॅरनने पाहिलेला ‘एक गाव, एक रस्ता’ हा संबंध उरणार नाही. तो संबंध विटांमध्ये कधी नव्हताच. तो चाउ खेहून सणाला परतणाऱ्या आणि पुतण्याला हाताखाली घेणाऱ्या माणसांमध्ये होता. जुन्या वास्तू जपणाऱ्या प्रत्येक शहराला या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. त्याचे सोपे उत्तर हनोईकडेही नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

आता त्या मुलीला काय उत्तर द्यायचे? रस्त्याचे नाव आज तेथे काय विकले जाते ते सांगत नाही. ते एका विशिष्ट काळी लोकांना काय ठळक दिसले ते सांगते. म्हणून नाव वाचून थांबायचे नाही, तेथून प्रश्न विचारायला सुरुवात करायची.

हे प्रश्न घेऊन मुलांना आपल्याच गावात पाठवता येईल. पुण्यात तांबट आळी, बुरूड आळी आहे. तुमच्या गावातही कासार गल्ली, तेली आळी, दाणेबाजार किंवा नुसताच ‘पूल’ नावाचा चौक असेल. प्रत्येक गटाने एक नाव घ्यावे आणि चार गोष्टी शोधाव्यात. नावातला धंदा कोणता? तो करणारी माणसे कुठून आली होती? हीच जागा का, म्हणजे जवळ पाणी होते, वेस होती की गिऱ्हाईक होते? आज तेथे काय आहे आणि मधल्या कड्या कोणत्या? शेवटी एक पाचवा प्रश्न जरूर जोडावा : या गल्लीत राहिलेले पण नावात न आलेले लोक कोण?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुले पाच मिनिटांत आणतील. पाचव्यासाठी त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या ओट्यावर जाऊन बसावे लागेल. तेथे कदाचित दोन आजोबांच्या आठवणी एकमेकींशी जुळणार नाहीत. मुलांना त्या दोन्ही वहीत उतरवू द्याव्यात. कोणती खरी हे ठरवण्याची घाई करू नये.